कॅमेरा ठरवण्याआधीचं वर्ष: बेळगाव सीमाभागात स्वतंत्र सिनेमाची पूर्वतयारी

माझ्या पहिल्या सिनेमाच्या शूटिंगच्या सातव्या रात्री आमच्या अठ्ठावीस जणांना झोपायला जागा नव्हती. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. हलगा-बस्तवाडच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालेलं आणि बेंगळुरूहून आलेल्या मंडळींनी शहरातली लॉजेस भरलेली. आमचं बुकिंग तोंडी होतं. लॉजवाल्याने आगाऊ रक्कम हातावर परत ठेवली. ती रात्र आम्ही एका मंगल कार्यालयात जमखान्यांवर काढली. सकाळी कॅमेरामन तापाने फणफणला आणि त्या दिवसाचं काम बुडालं. बेळगावात हिवाळ्यात अधिवेशन भरतं हे मला ठाऊक होतं, पण शूटिंगच्या कॅलेंडरवर मी ते कधी लिहिलंच नव्हतं.

आता दुसऱ्या सिनेमाची तयारी चालू आहे. या वेळी पहिले आठ महिने मी कॅमेऱ्याचं नावही काढलेलं नाही. तयारीचा दिवस स्वस्त असतो, त्याला चहा, पेट्रोल आणि वही लागते. शूटिंगच्या एका दिवसाला मात्र आमच्यासारख्या लहान युनिटचेही हजारो रुपये जातात, कधी लाखाच्या वर. म्हणून चुकायचं ते आधीच चुकून घ्यावं, या हिशेबाने खालची पावलं लिहिली आहेत. पुण्या-मुंबईत लागू पडणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. आपल्या भागात ज्या वेगळ्या पडतात तिथे थांबतो.

पहिलं पाऊल: कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं ते ठरवा

कथा सुचली की लगेच संवाद लिहायला बसू नका. आधी कोऱ्या कागदावर पात्रांची नावं उभी आणि आडवी लिहून चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात लिहा की हे पात्र त्या पात्राशी कशात बोलतं. खानापूर तालुक्यातला एखादा शेतकरी घरात मराठी बोलतो, तहसील कार्यालयात कन्नड बोलतो, गॅरेजवाल्या चाचांशी दखनी बोलतो आणि कणकुंबीकडच्या पाहुण्यांशी त्याची मराठी कोकणीकडे झुकते. हा चौकोन भरला की निम्मी पात्रं आपोआप उभी राहतात. कुठल्या क्षणी माणूस भाषा बदलतो, यात आपल्याकडे केवढं नाट्य आहे! साहेबासमोर कन्नडमध्ये अडखळणारा बाप आणि शेजारी उभी राहून त्याच्यासाठी सफाईने बोलणारी मुलगी, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

मग ऐकायला बाहेर पडा. मी वीस तासांचं बोलणं रेकॉर्ड केलं, अर्थातच समोरच्याला विचारून. बसस्टँड, भाताची मळणी, वडगावातल्या विणकराचं घर, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची बैठक. घरी आल्यावर ते शब्दशः उतरवून काढायचं. काम कंटाळवाणं आहे, पण यातून जे मिळतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. 'मी काम केलो' हे वाक्य पुण्याच्या कानाला चुकीचं वाटेल, पण आपल्याकडे ते घराघरांत आहे. 'पण'च्या जागी येणारं 'खरं', 'गेल्लो-आल्लो'तला तो दाबून येणारा ल, वाक्याच्या शेवटी येणारा 'की'. पटकथेत हे जसंच्या तसं लिहा, प्रमाण भाषेत लिहून 'बेळगावी लहेजात बोलावे' अशी सूचना देऊ नका. बाहेरून आलेला नट ती सूचना वाचून कोल्हापुरी हेल काढतो आणि इथल्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कळतं.

'सीमाभागाची बोली' अशी एक बोली नाही, हेही ध्यानात ठेवा. निपाणीची मराठी कागलच्या जवळची. येळ्ळूर-सांबऱ्याची वेगळी. जांबोटीच्या पुढे गेलात की आणखी वेगळी. गाव ठरवा आणि त्या गावाचीच बोली धरा.

कन्नड संवादांनाही हाच न्याय. ते स्वतः मराठीत लिहून कुणाकडून अनुवाद करून घेऊ नका. बेळगाव-धारवाडकडची कन्नड बेंगळुरूच्या कन्नडपेक्षा निराळी आहे, ती ज्याची घरची आहे अशा माणसाला प्रसंग समजावून सांगा आणि त्यालाच लिहू द्या. मोबदला द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. सिनेमातला कन्नड माणूस खरा वाटला नाही तर मराठी माणूसही खरा वाटत नाही, हे मी पहिल्या सिनेमाच्या खासगी शोमध्ये एका हुबळीच्या मित्राचा चेहरा बघून शिकलो.

दुसरं पाऊल: पटकथा घड्याळ लावून वाचा

एक पान म्हणजे एक मिनिट, हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत तो चालत नाही. माझी ९६ पानांची पटकथा मोठ्याने वाचली तेव्हा दोन तास वीस मिनिटं झाली. चार माणसं बसवा, एकाने फक्त कृती वाचायची, बाकीच्यांनी संवाद. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. प्रत्येक सीनपुढे त्याची वेळ पेन्सिलने लिहा. माणूस विहिरीपर्यंत चालत जातो, असं एका ओळीत लिहिलेलं असलं तरी पडद्यावर त्याला चाळीस सेकंद लागतात, म्हणून वाचणाऱ्याने तेवढा वेळ गप्प बसायचं. प्रमाणपत्रासाठी सेन्सॉर बोर्डाकडे ७२ मिनिटांपेक्षा मोठा सिनेमा लांब सिनेमात धरतात. पहिल्या प्रयत्नाला नव्वद ते शंभर मिनिटं झेपतात. त्याहून लांब जात असेल तर आत्ताच कापा, एडिटच्या टेबलावर कापलेल्या प्रत्येक सीनचे पैसे आधीच खर्च झालेले असतात.

वाचून झालं की सीन फोडा. वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक सीनला एक ओळ: जागा, दिवस की रात्र, पात्रं, गर्दी, जनावरं, वाहनं, कपडे, ऋतू. हा शेवटचा रकाना पुण्याच्या तक्त्यांत सहसा नसतो. आपल्याकडे तो हवाच, कारण सप्टेंबरात हिरवंगार असलेलं भाताचं शिवार दिवाळीनंतर पिवळं होतं आणि डिसेंबरात तिथे नुसती धसकटं उरतात. एकाच प्रसंगाचे दोन भाग दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेत तर जोडताना काही इलाज नसतो.

तक्ता पूर्ण झाला की जागा मोजा. माझ्या पहिल्या तक्त्यात ३१ जागा होत्या. त्या १४ वर आणल्या आणि शूटिंगचे पाच दिवस कमी झाले. पोस्टातला सीन किराणा दुकानात झाला तर काय बिघडतं, असं प्रत्येक जागेला विचारायचं. जिथे खरंच बिघडतं ती जागा ठेवायची.

तिसरं पाऊल: हक्क लेखी घ्या

कथा दुसऱ्याची असेल तर परवानगी कागदावर हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात आणि हक्क हस्तांतर लेखी, सहीनिशी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. परदेशी महोत्सवात किंवा ओटीटीवर जायचं असेल तर या दोन ओळी राहून चालणार नाहीत. स्वतःची पटकथा असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंद करा. शीर्षक आणि बॅनरची, म्हणजे निर्मितीसंस्थेच्या नावाची, नोंद अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे करता येते. त्याचं मुख्यालय कोल्हापुरात आहे, म्हणजे आपल्याला मुंबईपेक्षा जवळ.

आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, भजन वापरायचं आहे? ओव्या परंपरेच्या आहेत, त्यांवर कुणाची मालकी नाही. पण गाणाऱ्या बाईंचा आवाज तिचा आहे आणि कलाकार म्हणून तिलाही कायद्याने हक्क आहेत. संमती घ्या, पैसे द्या, नाव द्या. जत्रेतल्या लाउडस्पीकरवर वाजणारं सिनेमाचं गाणं तुमच्या संवादामागे रेकॉर्ड झालं तर त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीचे असतात. तो आवाज नंतर संवादातून वेगळा निघत नाही, म्हणून जत्रेत दृश्य घ्या आणि संवाद शांत जागी ठेवा.

चौथं पाऊल: वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

पहिल्या सिनेमात मी सगळ्यात मोठा मार इथेच खाल्ला, म्हणून हे सविस्तर सांगतो. भिंतीवर बारा महिन्यांचा मोठा कागद लावा आणि आधी ज्या दिवशी शूटिंग करायचं नाही ते दिवस लाल करा.

जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-आमगाव-जांबोटी पट्ट्यात, पावसाचा जोर असा असतो की लहान युनिट तिथे टिकत नाही. वीज जाते, रेंज नसते, ओढे रस्त्यावर येतात. पावसाचेच सीन हवे असतील तर आठ माणसं घेऊन चार-पाच दिवसांचं वेगळं छोटं शेड्यूल लावा, सगळं युनिट नेऊ नका. त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागकडे तेव्हाही पुष्कळदा कोरडं असतं. एका जिल्ह्यात एवढे दोन ऋतू मिळतात, याचा पटकथेत उपयोग करून घ्यावा असं मला फार वाटतं.

गणेशोत्सवात माणसं मिळत नाहीत. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच दिवशी येतो. शहरात मोठा बंदोबस्त असतो, त्यामुळे आधीचे दोन आणि नंतरचा एक दिवस शहरात बाहेरचं शूटिंग धरू नका. नोव्हेंबरपासून ऊस सुरू होतो. चिकोडी-निपाणी-हुक्केरीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांवर मोठ्याने लावलेली गाणी. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच संवाद रेकॉर्ड, करणार असाल तर रस्त्यालगतची घरं सोडून द्या. आणि ज्यांना तुम्ही छोट्या भूमिकांसाठी धरलेलं असतं तेच लोक तोडणीला गेलेले असतात. डिसेंबरातलं अधिवेशन वर सांगितलंच. तारखा जाहीर झाल्या की लगेच कॅलेंडरवर चढवा, राहण्याची सोय शहराबाहेर बघा आणि बुकिंगची पावती घ्या. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मुलं मिळत नाहीत. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावची चित्ररथांची मिरवणूक असते, तेव्हा तालमीतला प्रत्येक पोरगा तिकडेच असतो. शिवाय निवडलेल्या गावाची स्वतःची लक्ष्मीयात्रा कधी आहे ते गावच्या पुजाऱ्याला विचारा, ती कॅलेंडरमध्ये छापलेली नसते.

एवढं लाल झाल्यावर कोरा उरतो तो मुख्यतः जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. थंडी, कोरडी हवा, स्वच्छ उजेड. दिवस मात्र लहान असतो, सूर्य सातच्या सुमाराला वर येतो आणि सव्वासहा-साडेसहाला जातो. रोज चार सीन होतील असं धरू नका. तीन धरा.

पाचवं पाऊल: रेकी तीनदा करा

रेकी म्हणजे शूटिंगच्या जागांची आगाऊ पाहणी. पहिल्या फेरीला एकटे जा, बसने. दुसऱ्यांदा कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक दोघांनाही न्या. फक्त कॅमेरामनला नेलं की डोळ्याला सुंदर आणि कानाला अशक्य अशी जागा पक्की होते. पिठाची गिरणी, पंपसेट, सांबऱ्याकडे उतरणारं विमान, हे सगळं ध्वनिमुद्रकाला कळतं. प्रत्येक जागी ज्या वेळी सीन आहे त्याच वेळी पंधरा मिनिटं गप्प उभं राहून ऐकायचं. तिसऱ्यांदा शूटिंगच्या आधी दोन आठवडे जा, कारण कौलारू घर म्हणून ठरवलेल्या घरावर मधल्या काळात पत्रा आलेला असतो. माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं. घरमालकाने मुलीच्या लग्नासाठी छप्पर बदललं, त्याचं काहीच चुकलं नाही. मी त्याच्याशी फक्त तोंडी बोललो होतो आणि नंतर चार महिने तिकडे फिरकलो नव्हतो.

रेकीत आणखी काय लिहून घ्यायचं: जनरेटरची गाडी कुठवर जाते, बायकांना कपडे बदलायला आणि शौचालयाला कुठली घरं मिळतील, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, साप चावल्यास विषावरचं इंजेक्शन कुठे आहे, मोबाईलची रेंज कुठल्या वळणावर संपते. बायकांच्या सोयीची चौकशी सगळ्यात आधी करा. माझ्या पहिल्या युनिटमधल्या दोन मुलींनी याच कारणाने दिवसभर पाणी प्यायचं टाळलं होतं. मला ते शेवटच्या दिवशी समजलं आणि अजून टोचतं.

पाट्यांबद्दलही आताच विचार करा. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. तुमची गोष्ट १९७० सालातल्या गल्लीत घडत असेल तर आजची गल्ली तशी दिसणार नाही. शॉटपुरती जुनी मराठी पाटी लावावी लागली तर पोलिसांना दिलेल्या अर्जात ते स्पष्ट लिहा, सोबत पाटीचं चित्र जोडा, दुकानदाराला आणि शेजारच्यांना आदल्या दिवशी भेटून सांगा, आणि शॉट झाला की तासाभरात काढा. भाषेचा प्रश्न आपल्याकडे माणसांच्या जिव्हाळ्याचा आहे, दोन्ही बाजूंच्या. आपल्या एका फ्रेमसाठी कुणाच्या दुकानावर दगड येता कामा नये.

सहावं पाऊल: परवानग्या, कुणाकडे आणि कशात

अर्ज कन्नडमध्ये करा, सोबत इंग्रजी प्रत जोडा. हा सल्ला मला एका गावच्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, दिला आणि त्याने माझे कित्येक दिवस वाचले. शुद्ध, आदबशीर कन्नडमध्ये लिहिलेला अर्ज टेबलावरून पुढे सरकतो. युनिटमध्ये एक तरी असा माणूस हवा जो कार्यालयांत सहज कन्नड बोलतो. त्याला दिग्दर्शकाइतकाच मान द्या.

गावात शूटिंग असेल तर ग्रामपंचायत आणि स्थानिक पोलीस ठाणं. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतं, खानापूर, निपाणी, चिकोडी हे भाग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला की आठवडा जातो. खासगी घराला, शेताला मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. शेत चार भावांच्या नावावर असेल तर चौघांच्या सह्या घ्या, तंटे तिथेच होतात.

भीमगड अभयारण्यात चित्रीकरणाला वनखात्याची, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पातळीवरची परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो आणि अटी कडक असतात, त्या असाव्यातही. जंगल फक्त पार्श्वभूमीला हवं असेल तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर खासगी मालकीच्या रानात तसंच दिसणारं ठिकाण सापडतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर आणि देगावचं कमलनारायण मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यासाठी त्या खात्याच्या धारवाड मंडळाकडे जावं लागतं. खानापूर, लोंढा, बेळगाव ही स्थानकं दक्षिण पश्चिम रेल्वेची, तिचं मुख्यालय हुबळीत. प्लॅटफॉर्मवर चोरून दोन शॉट घेऊ, हा विचार सोडा.

ड्रोन उडवण्याआधी सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघा. सांबऱ्याला विमानतळ आणि वायुदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि लष्करी छावणी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. विमानतळाच्या भोवतीचं पिवळं क्षेत्र १२ किलोमीटरपर्यंत पसरलेलं असतं, त्यातही परवानगी लागते. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पण ड्रोनची नोंदणी आणि परवानाधारक पायलट तिथेही हवाच.

सिनेमात मूल असेल तर हे नीट वाचा. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मानधनातली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते, आणि पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. पाच तासांच्या अटीमुळे शेड्यूल पार बदलतं, म्हणून ती सीन फोडतानाच धरा.

बैल, म्हैस, कोंबडी, कुत्रा, काहीही दाखवायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर प्रमाणपत्राच्या वेळी सीन अडकतो. निपाणीची गोष्ट करणाऱ्यांसाठी आणखी एक: पडद्यावर तंबाखू किंवा विडी ओढणं दिसलं की सुरुवातीला आणि मध्यंतराला आरोग्यविषयक इशाऱ्याच्या फिती आणि त्या दृश्यावर स्थिर सूचना दाखवावी लागते. फ्रेमची खालची पट्टी तेवढी मोकळी ठेवून रचना करा.

गोष्ट चंदगड किंवा शिनोळीकडे सरकत असेल तर राज्य बदलतं. तिथल्या परवानग्या महाराष्ट्राच्या एक खिडकी पद्धतीतून घ्याव्या लागतात, आणि भाड्याच्या गाडीला दुसऱ्या राज्यात शिरायचा परमिट आणि कर लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे दोन राज्यांतल्या एसटी गाड्या थांबल्या होत्या. म्हणून बाहेरून येणाऱ्या नटांना एक दिवस आधी बोलवा, आणि सीमेपलीकडचे सीन एकत्र बांधून शेड्यूलच्या शेवटी ठेवा.

सातवं पाऊल: पैसा

आधी सीए गाठा. वेगळं चालू खातं उघडा, त्यातूनच सगळं द्या. नातेवाइकांकडून हातउसने घेताना २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज म्हणून रोखीत घेता येत नाही, बँकेतून घ्या. प्रत्येक रक्कम देणगी आहे, कर्ज आहे की नफ्यातली भागीदारी, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. मामांशीसुद्धा. मामांशी आधी.

राहण्या-जेवणाचा हिशेब माणूस-दिवसांत करा. अठ्ठावीस माणसं, चोवीस दिवस, म्हणजे ६७२ माणूस-दिवस. माणशी जेवण २५० आणि राहणं ४०० धरलं तर ४,३६,८०० रुपये. एक दिवस कमी केला की इथेच १८,२०० वाचतात, उपकरणांचं भाडं वेगळं. सगळ्या अंदाजावर किमान दहा टक्के राखीव ठेवा. ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती, सबटायटल आणि प्रमाणपत्र यांचे पैसे शूटिंगआधी वेगळ्या ठेवीत टाका आणि तिला हात लावू नका. शूट झालेले आणि हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेले सिनेमे मी आपल्याच भागात बघितलेत. त्यांच्या दिग्दर्शकांच्या डोळ्यांत बघवत नाही.

दर्जेदार मराठी सिनेमांसाठी महाराष्ट्र शासनाची अर्थसहाय्य योजना आहे. बॅनर कुठल्या राज्यात आणि कुणाच्या नावावर नोंदवायचा हे ठरवण्याआधी तिचा चालू शासन निर्णय मुळातून वाचा, नंतर बॅनर बदलणं अवघड जातं. आणि गोव्याचा फायदा घ्या. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि त्याच्याच जोडीला एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार असतो, तिथे पटकथांची कार्यशाळा, सहनिर्मितीचा मंच आणि अपुऱ्या सिनेमांसाठीचा विभाग आहे. चोर्ला घाट उतरलं की अडीच-तीन तासांत आपण पणजीत. मुंबईच्या दिग्दर्शकाला विमानाने यावं लागतं. प्रवेशासाठी इंग्रजीत सारांश, दिग्दर्शकाचं टिपण आणि अंदाजपत्रक लागतं आणि मुदत महोत्सवाच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून हे कागद उन्हाळ्यातच तयार ठेवा.

आठवं पाऊल: माणसं

नट शोधायला मुंबईला फोन करण्याआधी आपल्या गावांत फिरा. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत साहित्य संमेलनं भरतात. गावोगावच्या यात्रांत नाटकं होतात, कॉलेजांत एकांकिका होतात. तिथे शेवटच्या रांगेत बसा आणि वहीत नावं लिहा. रंगमंचावरच्या माणसाचा आवाज मोठा असतो, कॅमेऱ्यासमोर तो खाली आणायला दोन महिने सराव लागतो. दर रविवारी चार तास, मोबाईलवर रेकॉर्ड करून लगेच दाखवायचं. नव्या नटाला आपला चेहरा बघून जे कळतं ते सांगून कळत नाही.

मुख्य तंत्रज्ञांत ध्वनिमुद्रक सगळ्यांत आधी पक्का करा. बोलीचा सिनेमा डबिंगमध्ये मरतो. शेतात उभं राहून धापा टाकत म्हटलेलं 'खरं' स्टुडिओत बसून परत म्हणता येत नाही.

नववं पाऊल: आता कॅमेरा

कॅमेरा, लेन्स, दिवे कोल्हापूर किंवा पुण्याहून भाड्याने येतील. कुठला कॅमेरा यावर महिने घालवू नका. घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून तुमच्याच नटांच्या चेहऱ्यांवर, तुमच्याच घरात, कंदिलाच्या आणि ट्यूबच्या उजेडात चाचणी घ्या. सावळ्या रंगाच्या छटा कुठे हरवतात ते मोठ्या पडद्यावर बघा.

साठवणीचा हिशेब आधी करा. ४के (३८४० × २१६०) प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमध्ये सेकंदाला २४ फ्रेम्सनी तासाला सुमारे ३१८ जीबी लागतात. शंभर मिनिटांच्या सिनेमाला आठपट चित्रीकरण धरलं तर तेरा तास वीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ सव्वाचार टीबी. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात. म्हणजे पावणेतेरा टीबी. रोज रात्री प्रती काढून तपासणारा माणूस वेगळा ठेवा. थकलेल्या असिस्टंटवर ते काम टाकू नका.

दहावं पाऊल: गावात वाचन

शूटिंगच्या साधारण दोन महिने आधी, ज्या गावात सिनेमा करणार तिथल्या देवळाच्या मंडपात पटकथा वाचा. संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. चहा तुमचा. म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवा. वाचताना मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवा आणि एक माणूस फक्त लोकांचे चेहरे बघायला नेमा. आमच्या वाचनात एका आजींनी मधेच हात वर केला. "असं न्हाई रे बोलत सून सासूला," म्हणाल्या, आणि स्वतःच ते वाक्य म्हणून दाखवलं. माझ्या चार ओळी होत्या, त्यांची अर्धी. ती मी त्याच रात्री पटकथेत घातली. आजींनाही भूमिका दिली आहे, त्यांच्या मुलाची सही कालच मिळाली.